मेडोज टेलर : ठगांच्या जबानीतून घडलेला कादंबरीकार

प्रस्तावना

गुन्हा आणि इतिहास हे कादंबरीचे दोन जुने विषय आहेत. गुन्ह्याच्या कथेत वाचकाचे कुतूहल जागे होते, तर ऐतिहासिक कथेत त्याच्या समूहस्मृतीला आवाहन केले जाते. हे दोन्ही प्रवाह ज्याच्या लेखनात एकत्र आले आणि ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग आजच्या महाराष्ट्राच्या व लगतच्या सीमाभागाच्या भूमीवर गेला, असा एक इंग्रज लेखक म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६). त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. हिंदुस्थानातील गुन्हेगारीवर आधारलेली ही इंग्रजीतील आरंभीची आणि कमालीची लोकप्रिय ठरलेली कादंबरी होय.

इंग्रजीच्या अभ्यासक्रमात टेलरचा उल्लेख 'अँग्लो-इंडियन कादंबरीकार' असा येतो. इतिहासाच्या अभ्यासात तो निजामाच्या राज्यातील एक कर्तबगार अधिकारी म्हणून येतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तो हरिभाऊ आपटे यांच्या संदर्भात ओझरता भेटतो. या तीन टेलरांचा एकत्र विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात त्याचे चरित्र आणि वाङ्मयीन कारकीर्द यांचा परिचय करून देऊन, गुन्हेगाराच्या जबानीवर उभ्या राहिलेल्या साहित्यकृतीला पुरावा म्हणून किती मोल द्यावे, या प्रश्नाचा विचार केला आहे. हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. ज्या जबान्यांतून ही कादंबरी घडली, त्याच जबान्यांतून एक कायदाही घडला आणि त्या कायद्यामागील विचाराची झळ पुढे अनेक जमातींना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागली.

चरित्राचा आलेख

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. परंतु कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावल्यामुळे वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याला मुंबईस एका इंग्रज व्यापाऱ्याच्या पेढीवर पाठविण्यात आले. पुढे भागीदारी मिळेल, असे आश्वासन होते. प्रत्यक्षात ती पेढीच डबघाईला आलेली होती. मुंबई सरकारचे मुख्य सचिव न्यूनहॅम हे त्याच्या आईच्या नात्यातील होते. त्यांच्या खटपटीने टेलरला निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले आणि तो औरंगाबादेस रुजू झाला.

या नेमणुकीने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. टेलर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सेवक नव्हता, तर निजामाचा चाकर होता. कंपनीच्या सेवेतील अधिकाऱ्यांना मिळणारी प्रतिष्ठा व बढत्या त्याच्या वाट्याला आल्या नाहीत; मात्र दख्खनच्या खेड्यापाड्यांतील जीवन जवळून पाहण्याची संधी मिळाली. औपचारिक शिक्षण अपुरे राहिलेल्या या तरुणाने हिंदुस्थानी, फारसी व मराठी या भाषा आत्मसात केल्या, कायद्याचा अभ्यास केला, भूमापनाचे तंत्र शिकून घेतले. पुढे दख्खनमधील महापाषाणयुगीन दफनस्थळांच्या आरंभीच्या संशोधकांमध्येही त्याची गणना होऊ लागली.

लष्करी कामातून लवकरच त्याची निवड पोलीस खात्याच्या कामासाठी झाली. निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात साहाय्यक पोलीस अधीक्षक म्हणून काम करताना तुळजापूरचा परिसर त्याच्या नित्य परिचयाचा झाला. याच काळात रस्त्यांच्या कडेला प्रवाशांची प्रेते सापडत. परंतु त्यांचे मारेकरी सापडत नसत. हा माग काढण्याचा प्रयत्न तो करीत असतानाच १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आला आणि त्याच्या इच्छेनुसार मुलकी कारभारातील इंग्रज अधिकारी काढून घेण्यात आले. टेलरला पलटणीत परत जावे लागले. ठगांच्या टोळ्यांचा छडा लावण्याचे श्रेय अल्पावधीतच विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याच्या नावावर जमा झाले. ही संधी हुकल्याची खंत टेलरने आपल्या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

१८३२ मध्ये त्याने हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी विवाह केला. विल्यम पामर यांची आई भारतीय होती. म्हणजेच टेलरचे कौटुंबिक जीवनही दोन समाजांच्या सीमारेषेवर उभे होते. प्रकृती ढासळल्यामुळे तो दीर्घ रजेवर मायदेशी गेला आणि तेथेच १८३९ मध्ये त्याची पहिली कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. रिचर्ड बेंटली हे तिचे प्रकाशक होते. पुढल्याच वर्षी 'टिपू सुलतान' ही कादंबरी आली. १८४० पासून १८५३ पर्यंत तो लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्राचा हिंदुस्थानातील बातमीदार होता.

हिंदुस्थानात परतल्यावर टेलरची नेमणूक शोरापूर (आजचे कर्नाटकातील सुरपूर) या बेरड नायकांच्या संस्थानात झाली. राजा अल्पवयीन असल्याने सुमारे बारा वर्षे कारभाराची सूत्रे व्यवहारतः टेलरच्या हाती होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले. त्यांपैकी नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला. बोरी नदीवरील धरण आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल यांमुळे प्रसिद्ध असलेल्या या किल्ल्यात राहून त्याने जमिनीची मोजणी, रस्ते व न्यायदान यांची घडी बसविली. १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडातील बुलढाणा येथे पाठविण्यात आले. १८६० मध्ये तो निवृत्त होऊन इंग्लंडला परतला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी अधू झाली. १८७५ मध्ये सर सालारजंग यांच्या निमंत्रणावरून तो पुन्हा हैदराबादेस आला. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मांतों येथे १३ मे १८७६ रोजी त्याचे निधन झाले. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र कन्या ॲलिस हिने संपादित करून १८७७ मध्ये प्रसिद्ध केले.

जबानीची कादंबरी

'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीची रचना समजून घेण्यासाठी प्रथम 'माफीचा साक्षीदार' ही संस्था समजून घ्यावी लागते. ठगांच्या टोळ्या प्रवाशांशी मैत्री करीत, काही मजल त्यांच्यासोबत चालत आणि निर्जन स्थळी रुमालाने गळा आवळून त्यांना ठार करीत. प्रेते पुरून टाकीत. फिर्याद करण्यास कोणी जिवंत उरत नसे आणि प्रवासी दूरदेशीचे असल्याने त्यांची वाट पाहणाऱ्यांना ते नेमके कोठे नाहीसे झाले हे कळत नसे. अशा गुन्ह्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणजे सहआरोपीच. म्हणून स्लीमन व त्याच्या सहकाऱ्यांनी पकडलेल्या ठगांना फाशीपासून सूट देण्याच्या अटीवर बोलते केले. त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, वंशावळी तयार केल्या, त्यांची 'रमासी' ही सांकेतिक बोली नोंदविली. या बोलीविषयीचा स्लीमनचा 'रमासीआना' हा ग्रंथ १८३६ मध्ये कलकत्त्यास छापला गेला.

हैदराबाद राज्यातही ठगांविरुद्धची मोहीम चालू होती आणि तेथील माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या टेलरने प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. कादंबरीचा नायक अमीर अली हा अशाच एका साक्षीदाराच्या रूपाने समोर येतो. तो तुरुंगात असून एका 'साहेबा'ला आपली जीवनकथा सांगतो आहे. लहानपणी त्याच्या आईवडिलांचा ठगांनी खून केला. त्याच टोळीतील इस्माईल याने त्याला दत्तक घेऊन वाढविले. तो ठगीची दीक्षा घेतो, नावलौकिक मिळवितो, चितू पेंढाऱ्याच्या स्वाऱ्यांत सामील होतो आणि पुढे अजाणता स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हत्येस कारण होतो. आपल्या हातून ७१९ खून झाल्याचे तो सांगतो; आणि बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर ही संख्या हजारावर गेली असती, अशी बढाईही मारतो.

या रचनेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, निवेदनाचा हक्क गुन्हेगाराकडे आहे. साहेब क्वचितच मध्ये बोलतो. त्यामुळे वाचक अमीर अलीच्या नजरेने रस्ते, बाजार, सराया, दरबार पाहतो आणि नकळत त्याच्या धाडसाशी समरस होतो. पुढच्याच पानावर एखाद्या निरपराध प्रवाशाचा गळा आवळला जातो, तेव्हा त्या समरसतेची वाचकाला लाज वाटते. ओढ आणि घृणा यांचे हे आंदोलन हीच या कादंबरीची मुख्य शक्ती होय. दुसरी गोष्ट अशी की, ही कथा प्रकाशनकाळाच्या आधीच्या दोन-तीन दशकांत घडते. पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या, मराठेशाहीचा अस्तकाळ, संस्थानिकांचे डळमळीत अधिकार ही तिची पार्श्वभूमी आहे. म्हणून ती केवळ गुन्ह्याची कथा राहत नाही, तर एका राजकीय संक्रमणाची कथाही होते.

तत्कालीन इंग्रजी वाङ्मयाची पार्श्वभूमीही येथे ध्यानी घ्यावयास हवी. १८३० च्या दशकात लंडनमध्ये गुन्हेगारांच्या चरित्रांवर आधारलेल्या कादंबऱ्यांना मोठी मागणी होती. चार्ल्स डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' आणि एन्सवर्थची 'जॅक शेपर्ड' या कादंबऱ्या याच काळातील असून त्या बेंटलीच्याच नियतकालिकातून क्रमशः आल्या होत्या. म्हणजे टेलरची सामग्री दख्खनची असली, तरी तिला लाभलेला साचा व बाजार लंडनचा होता. वाचकाला चोर-दरोडेखोरांच्या कथांची गोडी लागलेलीच होती. टेलरने तिला दूरदेशीची, धर्मविधींनी गूढ झालेली सामग्री पुरविली. राणी व्हिक्टोरिया हिने ही कादंबरी छापील मुद्रितांच्या रूपातच वाचावयास मागविली, यावरून तिच्याविषयीच्या उत्सुकतेची कल्पना येते.

गुन्ह्याकडून इतिहासाकडे

निवृत्तीनंतर टेलर ऐतिहासिक कादंबरीकडे वळला. 'तारा' (१८६३), 'राल्फ डार्नेल' (१८६५) आणि 'सीता' (१८७२) या तीन कादंबऱ्यांची योजना त्याने शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने केली. शिवाजी महाराजांचा उदय, १७५७ ची प्लासीची लढाई आणि १८५७ चा उठाव असे तिचे तीन टप्पे आहेत. 'अ नोबल क्वीन' ही चांदबीबीवरील कादंबरी मृत्यूनंतर १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १८७० मध्ये त्याने विद्यार्थ्यांसाठी हिंदुस्थानच्या इतिहासाचे पाठ्यपुस्तकही लिहिले होते.

यांपैकी 'तारा' मराठी अभ्यासकांना विशेष जवळची वाटावी. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची कन्या असून कथानकाच्या मध्यभागी अफझलखानाची स्वारी व प्रतापगडचा प्रसंग आहे. शतकांची सममिती साधण्यासाठी टेलरने १६५७ हे वर्ष धरले. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला, हे सर्वज्ञात आहे. कालगणनेतील हा दोष मान्य करूनही, तुळजापूरचे देवस्थान, तेथील यात्रा, पुजारी व मुरळ्या यांचे चित्रण त्याने प्रत्यक्ष निरीक्षणातून केले आहे, हे विसरता येत नाही.

मराठीत याच सुमारास कादंबरी हा प्रकार रुजत होता. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि शिवकाळाची पार्श्वभूमी असलेली रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ मध्ये प्रसिद्ध झाली. शिवकाळावरील टेलरची कादंबरी 'मोचनगड'च्या आधीची आहे. यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु पुढे हरिभाऊ आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीलेखनास आरंभ केला तो 'म्हैसूरचा वाघ' या कृतीने, आणि तिचा आधार टेलरची 'टिपू सुलतान' हीच होती. नंतरच्या 'उषःकाल'मध्ये हरिभाऊंनी शिवकाळाचे जे स्वतंत्र चित्र उभे केले, त्याच्या तुलनेत टेलरची 'तारा' वाचली असता परकीय निरीक्षक आणि स्वकीय कादंबरीकार यांच्या दृष्टीतील अंतर स्पष्ट होते. टेलरला शिवकाळ हा साम्राज्यांच्या उदयास्ताचा एक अंक वाटतो. हरिभाऊंना तो स्वत्वाच्या जागृतीचा काळ वाटतो.

शोरापूरचा राजा : अधिकारी आणि माणूस

टेलरच्या जीवनातील सर्वांत करुण प्रसंग कोणत्याही कादंबरीतील नाही. तो शोरापूरचा आहे. राजा वेंकटप्पा नायक हा टेलरच्या देखरेखीखाली वाढला. तेथील प्रजा टेलरला 'महादेव बाबा' म्हणत असे. १८५३ मध्ये राजा सज्ञान झाल्यावर कारभार त्याच्याकडे सोपविण्यात आला. १८५८ च्या फेब्रुवारीत त्याने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो फसला आणि राजा कैद झाला. कैदेत टेलरने त्याची भेट घेतली. राजाची देहान्ताची शिक्षा सौम्य करण्यात आली. परंतु कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून त्याचा मृत्यू झाला.

या प्रसंगाचे वर्णन टेलरने आत्मचरित्रात पित्याच्या व्याकुळतेने केले आहे. राजाच्या कुंडलीत चोविसाव्या वर्षी मृत्यू सांगितला होता, हेही त्याने नोंदविले आहे. परंतु ज्याला मुलाप्रमाणे वाढविले त्याने उठाव का केला, या प्रश्नाला तो राजकीय उत्तर देत नाही. कुसंगती, दुर्व्यसने आणि दैव एवढीच कारणे त्याला दिसतात. ज्या लेखकाने ७१९ खुनांची कबुली देणाऱ्या ठगाच्या मनात शिरून त्याची कथा त्याच्याच तोंडून वदविली, त्याला आपल्या हाताखाली वाढलेल्या राजाच्या बंडाची भाषा मात्र ऐकू आली नाही. साम्राज्याच्या सेवेतील सहृदय लेखकाची मर्यादा येथे नेमकी दिसते. गुन्हेगाराची जबानी त्याला समजते, कारण ती अधिकाऱ्यापुढे दिलेली असते. बंडखोराचे मौन समजत नाही.

जबानीचे पुरावामूल्य

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ठगांविषयीचे बहुतेक ज्ञान माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आधारलेले आहे. जीव वाचविण्यासाठी बोलणारा मनुष्य काय सांगेल? अधिकाऱ्याला जे ऐकावयाचे आहे ते सांगेल; स्वतःचा वाटा कमी आणि इतरांचा अधिक सांगेल; क्वचित अमीर अलीप्रमाणे पराक्रम म्हणून वाढवूनही सांगेल. शिवाय ही जबानी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते, कारकुनाच्या प्रश्नावलीत बसविली जाते आणि मग सरकारी कागद होते. कादंबरीकाराच्या हाती ती येते तेव्हा तिच्यावर आणखी एक संस्कार होतो.

या शंकेची जाणीव कायद्यालाही होती. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १३३ नुसार सहअपराधी हा साक्ष देण्यास पात्र होता. पण कलम ११४ च्या उदाहरणानुसार, महत्त्वाच्या तपशिलांना अन्य पुराव्याचा दुजोरा नसेल तर तो विश्वासार्ह नाही, असे न्यायालयाला गृहीत धरता येत होते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कलम २५ ने अग्राह्य ठरविला होता. ठगांचे बहुसंख्य खटले या अधिनियमाच्या कितीतरी आधीचे आहेत. १८३६ च्या ३० व्या कायद्याने तर विशिष्ट खून सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. आरोपी कोणत्याही काळी ठगांच्या टोळीचा सदस्य होता, एवढे सिद्ध झाले की जन्मठेप देता येत असे. कृत्याऐवजी सदस्यत्व हाच गुन्हा ठरला.

आधुनिक इतिहासकारांनी या सामग्रीची नव्याने छाननी केली आहे. राधिका सिंघा यांनी १९९८ मधील 'अ डेस्पॉटिझम ऑफ लॉ' या ग्रंथात या मोहिमेतून कंपनी सरकारच्या फौजदारी अधिकाराचा विस्तार कसा झाला, हे दाखविले. किम वॅग्नर यांनी २००७ मधील ग्रंथात ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना होती हे टोकाचे मत आणि ती अखिल हिंदुस्थानात पसरलेली धार्मिक संघटना होती हे दुसरे टोकाचे मत, ही दोन्ही नाकारली. त्यांच्या विवेचनानुसार वाटमारी व खून हे वास्तव होते. परंतु त्यामागे स्थानिक जमीनदारांचा आश्रय, उपजीविकेची निकड आणि राजकीय अस्थैर्य ही कारणे होती. भवानीची उपासना, शकुन, कुदळीची पूजा हे सारे होते. पण त्या काळातील सैनिकाच्या किंवा कारागिराच्या जीवनात असलेल्या श्रद्धांपेक्षा ते फार वेगळे होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. टोळ्यांत हिंदू व मुसलमान दोघेही होते, ही गोष्ट तर खुद्द टेलरच्या कादंबरीतच स्पष्ट आहे.

मात्र लोकमानसात रुजले ते कादंबरीतील चित्र. युजीन स्यू या फ्रेंच कादंबरीकाराने १८४४–४५ मधील आपल्या कादंबरीत ठग आणला. 'ठग' हा शब्द इंग्रजीत गुंड या अर्थाने स्थिरावला. विसाव्या शतकात चित्रपटांनी ही प्रतिमा जगभर नेली. भारतीय दंडसंहितेतही (१८६०) कलम ३१० व ३११ अन्वये 'ठग' ही संज्ञा तिच्या व्याख्येसह व जन्मठेपेच्या शिक्षेसह टिकून राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हाच ही कलमे वगळली गेली.

'जन्मजात गुन्हेगार' ही कल्पना आणि कोल्हापूर

ठगी ही वंशपरंपरागत आहे, ही कल्पना जबान्यांतील वंशावळींनी पक्की केली. एकदा गुन्हा रक्तातून येतो असे मानले, की त्या कुळात जन्मलेले मूलही संशयित ठरते. १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्यामागे हाच विचार होता. १९११ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढविण्यात आली आणि मुंबई इलाख्यातील अनेक भटक्या जमाती त्याच्या कक्षेत आल्या. पोलिसांपुढे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट' हे त्यांचे जीवन झाले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस म्हणूनच विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

या संदर्भात कोल्हापूर संस्थानाचा निर्णय उठून दिसतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी व बेरड या जातींवर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या व चाकरीच्या कामांवर नेमले. ब्रिटिश मुलखात कायद्याचा फास आवळला जात असताना, शेजारच्या संस्थानात तोच फास सैल होत होता. विश्वास टाकला तर मनुष्य विश्वासास पात्र होतो, हे या निर्णयामागील तत्त्व होते. ज्या बेरडांच्या शोरापूरवर टेलरने बारा वर्षे राज्य चालविले, त्याच जमातीची नावे कोल्हापूरच्या हजेरीपटावरून खोडली गेली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

साहित्याच्या पातळीवर या प्रश्नाला उत्तर मिळण्यास आणखी काही दशके जावी लागली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' या आत्मकथनांत प्रथमच त्या समाजांतील व्यक्ती स्वतःची कथा स्वतः सांगू लागल्या. टेलरच्या अमीर अलीसमोर साहेब बसलेला होता; या आत्मकथनांसमोर वाचक बसलेला आहे. अमीर अलीचे निवेदन ही जबानी होती, यांचे निवेदन ही साक्ष आहे. जबानी सक्तीतून येते, साक्ष स्वेच्छेने दिली जाते, हा या दोहोंतील मूलभूत भेद होय.

समारोप

मेडोज टेलर हा सामान्य प्रतीचा लेखक नव्हता आणि क्रूर प्रशासकही नव्हता. दख्खनच्या माणसांविषयी त्याला आस्था होती. त्यांच्या भाषा, श्रद्धा व चालीरीती यांचे त्याचे ज्ञान त्याच्या पिढीतील अनेक इंग्रजांपेक्षा सखोल होते. गुन्हेगाराला बोलू देण्याची त्याची निवेदनपद्धती पुढील काळातील गुन्हेकथेला वाट दाखविणारी ठरली. तरीही त्याच्या कादंबरीने एका शंकास्पद पुराव्याला साहित्याचे सौष्ठव दिले आणि ते चित्र सत्य म्हणून जगभर स्वीकारले गेले.

म्हणून टेलरचे वाचन तीन विद्याशाखांच्या संगमावर व्हावयास हवे. इंग्रजीच्या वर्गात त्याच्या निवेदनतंत्राचा, इतिहासाच्या वर्गात त्याच्या साधनांचा आणि मराठीच्या वर्गात त्याच्या शेजारी 'उषःकाल' व 'बेरड' ठेवून त्याच्या दृष्टिकोनाचा अभ्यास झाला, तर विद्यार्थ्यांना एक महत्त्वाचा धडा मिळेल : कोण बोलतो आहे, एवढाच प्रश्न पुरेसा नसतो, तो कोणापुढे व कोणत्या भीतीने बोलतो आहे, हेही विचारावे लागते. तुळजापूरच्या वाटेवरील ज्या बेवारस प्रेतांनी तरुण टेलरला अस्वस्थ केले, त्या प्रवाशांना न्याय मिळणे आवश्यकच होते. परंतु तो न्याय करताना ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांचाही हिशेब इतिहासाने ठेवला पाहिजे.